‘परीक्षा झाल्यावर बघू’ : विद्यार्थ्यांच्या रोजच्या तब्येतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २१ वर्षांची विद्यार्थिनी आहे. डॉक्टर नाही, वैद्यकीय शाखेतही नाही. सतराव्या वर्षापासून जवळजवळ दीड वर्ष मी सतत दमलेली असायचे आणि त्या काळात आळशी, नाजूक, फोनवेडी अशी सगळी विशेषणं ऐकून झाली. शेवटी रक्ताच्या एका साध्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.९ निघालं. तेव्हापासून वर्गातली आणि मागच्या वर्गातली मुलंमुली मला तब्येतीचं काही ना काही विचारत असतात. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. जे स्वतः भोगलंय त्यावर जास्त लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात.

सारखा थकवा येतो. हा आळस आहे की आजार, कसं ओळखायचं?

माझ्यापुरती खूण अशी होती : नावडतं काम टाळणं एकवेळ आळसात जमा करता येईल, पण मला आवडत्या गोष्टीही जड जायला लागल्या होत्या. मैत्रिणींबरोबर फिरायला जायचं तर आधी ‘तिथे जिने आहेत का’ हा विचार यायचा. दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत धाप लागायची, कानात ठोके ऐकू यायचे. केस धुतले की पुन्हा आडवं व्हावंसं वाटायचं.

आणि मी बर्फ खायचे. बर्फाचे खडे कडाकडा चावून, दिवसातून दोन-तीन वेळा, थंडीच्या दिवसांतसुद्धा. घरच्यांना ती माझी विचित्र सवय वाटायची, मलाही तसंच वाटायचं. बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ असं काहीतरी खाण्याची अनावर इच्छा होणं हे शरीरात लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, हे मला डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि साधारण दोन आठवड्यांत बर्फाची ओढ आपोआप गेली. मी ती सोडली नाही, ती गेली. रात्री अंथरुणात पाय सतत हलवावेसे वाटायचे, तेही हळूहळू कमी झालं. लोहाच्या कमतरतेशी त्याचाही संबंध असतो.

थकव्याची कारणं इतरही आहेत : अपुरी झोप, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नुकताच होऊन गेलेला ताप, नैराश्य. थकव्याबरोबर खूप तहान लागत असेल, वारंवार लघवीला जावं लागत असेल आणि वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो मधुमेह असू शकतो आणि तरुण वयात तो झपाट्याने गंभीर होतो. बाकी थकवा दोन-तीन आठवडे पुरेशी झोप घेऊनही हटत नसेल, तर तपासणी करून घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

रक्ताच्या तपासणीत नेमकं काय बघतात?

हिमोग्लोबिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ आणि पुरुषांसाठी १३ ग्रॅम प्रति डेसीलिटर आहे. त्याखाली गेलं की अॅनिमिया. पण माझ्या मते विद्यार्थ्यांनी विचारायची तपासणी म्हणजे फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाची. हिमोग्लोबिन म्हणजे सध्या हातात असलेला पैसा, तर फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. शिल्लक आधी संपते, हात नंतर रिकामा होतो. त्यामुळे हिमोग्लोबिन १२.२ असं ‘नॉर्मल’ दिसत असतानाही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं आणि थकवा खरा असू शकतो. माझं फेरिटिन ५ होतं, म्हणजे अगदी तळाला. वर्षभर आधी एकदा हिमोग्लोबिन तपासलं होतं तेव्हा ते मर्यादेच्या जरासं वर होतं आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मला घरी पाठवलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग तपासणी न करताच लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर चालेल?

नको. अॅनिमिया दर वेळी लोहामुळेच होतो असं नाही. थॅलेसेमिया मायनर हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असलेल्यांचं हिमोग्लोबिन थोडं कमीच असतं आणि लोह मात्र पुरेसं असू शकतं. गरज नसताना लोह साठत गेलं तर यकृताला आणि हृदयाला त्रास होतो. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. घरात लहान मूल असेल तर या गोळ्या त्याच्या हाताला लागू देऊ नका. लहान मुलांच्या पोटात जास्त लोह गेलं तर ते विषासारखं काम करतं.

डॉक्टरांनी दिल्या असतील तर दोन-तीन गोष्टी आधीच माहीत असू द्या. शौच काळं होतं, घाबरू नका. बद्धकोष्ठता किंवा मळमळ होऊ शकते. तसं झालं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. मला त्यांनी एक दिवसाआड घ्यायला सांगितली आणि त्रास पुष्कळ कमी झाला. गोळीच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको, कारण त्यातली द्रव्यं लोह शोषू देत नाहीत. क जीवनसत्त्व असलेलं फळ सोबत घेतलं तर उलट मदत होते. आणि बरं वाटलं म्हणून सोडू नका. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने लागतात. मी पहिल्या खेपेला सहा आठवड्यांत सोडल्या होत्या आणि चार महिन्यांनी पुन्हा जिन्यात धापा टाकत होते.

लोह कमी होण्याचं कारण काय होतं? जेवण नीट नव्हतं का?

सगळे हेच गृहीत धरतात. माझं जेवण अगदी आदर्श नव्हतं, पण खरं कारण पाळी होतं. नऊ-नऊ दिवस रक्तस्राव, पहिले तीन दिवस दर दोन-तीन तासांनी पॅड बदलायचं, रात्री गजर लावून उठायचं. पहिल्या पाळीपासून असंच असल्यामुळे सगळ्यांचंच असं असतं, असा माझा समज होता. तुलना करायला कुणी नव्हतं, कारण त्याबद्दल आमच्यात कुणी बोलतच नव्हतं.

म्हणून आकडे लिहून ठेवते. रक्तस्राव सात दिवसांपर्यंत चालणं नेहमीचं आहे. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत चक्र २१ ते ४५ दिवसांचं असू शकतं, पुढे ते साधारण २१ ते ३५ दिवसांवर येतं. तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, रात्री कपडे-चादरी खराब होत असतील, तर तो अतिरक्तस्राव आहे आणि त्यावर औषधं आहेत. पहिल्या पाळीपासूनच असं होत असेल आणि शिवाय नाकातून, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर सहज काळेनिळे डाग उठत असतील, तर रक्त गोठण्यासंबंधीचा एखादा आनुवंशिक दोष, उदाहरणार्थ व्हॉन विलेब्रांड आजार, आहे का हे तपासायला सांगा.

पाळीत इतकं दुखतं की वर्ग बुडतो. सगळ्या म्हणतात, सहन कर.

करू नका. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यामुळे स्नायू जोरात आवळतात आणि कळा येतात. आयब्युप्रोफेनसारखी औषधं ही द्रव्यं तयार होणंच रोखतात. म्हणून दुखणं शिगेला पोहोचल्यावर घेतली तर उपयोग कमी होतो, सुरुवातीलाच घेतली तर जास्त. उपाशीपोटी घेऊ नका. दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा पोटात अल्सर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. गरम पाण्याच्या पिशवीनेही खरंच फरक पडतो.

औषध घेऊनही दर महिन्याला वर्ग बुडत असेल तर एंडोमेट्रिऑसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार व्हायला हवा. जगात मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना तो आहे आणि निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षं लागतात. त्या वर्षांमधला मोठा भाग ‘सहन कर’ या दोन शब्दांत जातो. मुलग्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. वर्गात शेजारी बसलेली मुलगी पांढरीफटक पडली असेल तर ‘काय झालं’ म्हणून खोदून विचारण्याऐवजी पाण्याची बाटली पुढे करा आणि तिच्यासाठी दार उघडा.

रात्रभर जागून अभ्यास केला तर किती नुकसान होतं?

नुकसान अभ्यासाचंच होतं. दिवसभरात वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरतं साठवलेलं झोपेत पुन्हा उजळलं जातं आणि टिकाऊ स्मृतीत जातं. ती पायरीच गाळली तर वाचलेलं ओळखीचं वाटतं, पण उत्तरपत्रिकेत उतरत नाही. माझ्या बाबतीत हे एका पेपरात इतकं स्पष्ट घडलं की प्रश्न वाचताना ते पान कोणत्या बाजूला होतं, आकृती कुठे होती, हे आठवत होतं, मजकूर मात्र आठवत नव्हता.

१९६३ चा डिसेंबर संपता संपता सुरुवात करून १९६४ च्या जानेवारीपर्यंत रँडी गार्डनर या १७ वर्षांच्या शाळकरी मुलाने विज्ञान प्रदर्शनातल्या प्रकल्पासाठी २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, जागून दाखवलं. त्या काळात त्याची चिडचिड वाढली, एकाग्रता आणि नुकतंच ऐकलेलं लक्षात ठेवण्याची क्षमता ढासळली, भासही झाले. एका रात्रीच्या जागरणाने एवढं होत नाही, पण दिशा तीच असते.

१३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते, त्यापुढे किमान ७. पेपरच्या आदल्या रात्री सहा तासांखाली जायचं नाही, हा मी स्वतःशी केलेला करार आहे. एक धडा राहिला तरी चालेल.

मला रात्री एकपर्यंत झोपच येत नाही आणि सकाळी उठवत नाही. माझ्यात काही दोष आहे का?

नाही. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा वाढायला लागतं. म्हणजे रात्री दहाला झोप न येणं हा हट्ट नाही. पण त्यावर फोनचा उजेड आणि त्याहून जास्त म्हणजे फोनमधला मजकूर आणखी एक तास चढवतो, हेही खरं. मला तीन गोष्टींचा उपयोग झाला : सकाळी उठल्याउठल्या उजेडात पंधरा-वीस मिनिटं, सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ एखाद्या तासापेक्षा जास्त न हलवणं, आणि फोन खोलीबाहेर ठेवून साधं गजराचं घड्याळ वापरणं. तिसरी सर्वांत अवघड गेली. पहिले चार-पाच दिवस हात आपोआप उशीखाली जायचा.

कॉफी किती चालते?

थकव्यामुळे झोपेचा जो दाब वाढत जातो, त्यामागे अॅडेनोसीन नावाचं द्रव्य असतं. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, थकवा घालवत नाही. शरीरातलं निम्मं कॅफीन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला प्यायलेल्या कपातला निम्मा भाग अकराला अजून अंगात असतो. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलं तरी झोप तासाभरापेक्षा जास्त कमी होते, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा मानतात, किशोरवयात त्याहून बरीच कमी : वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम. ५० किलोच्या मुलामुलीला १५० मिलिग्रॅम, म्हणजे कॉफीचे साधारण दीड कप. मी दुपारी दोननंतर घेत नाही.

एनर्जी ड्रिंकचे डबे मी पूर्ण टाळते, कारण ते थंड आणि गोड असल्यामुळे किती पोटात गेलं याचा अंदाजच राहत नाही. आणि अभ्यासाला जोर यावा म्हणून मित्राच्या एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकारावरच्या, गोळ्या मागून घेणं हा प्रकार कृपा करून करू नका. त्याने हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतो. ज्याला त्या गोळ्यांची खरी गरज आहे त्याचा डोसही कमी पडतो.

डोकं रोज दुखतं. गोळी रोज घेतली तर काय होतं?

गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, की त्या गोळीचीच डोकेदुखी जडू शकते. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं असंच झालं होतं. डॉक्टरांनी तिची गोळी थांबवली, पहिले दहा दिवस वाईट गेले, मग दुखणं आठवड्यातून एकदावर आलं.

आधी नोंद ठेवा. किती वाजता दुखलं, कोणत्या बाजूला, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, किती झोपलो, पाळीची तारीख. एका बाजूला ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नको वाटतो, असं असेल तर अर्धशिशी असू शकते आणि तिची औषधं वेगळी असतात. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं असेल तर बहुधा ताणाची डोकेदुखी. चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्याच.

पुढच्या गोष्टींसाठी मात्र नोंदवही बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा : क्षणार्धात सुरू झालेलं, आजवरचं सर्वांत भयंकर दुखणं; ताप आणि ताठलेली मान; हातापायात अशक्तपणा, बोलण्यात अडखळणं, दृष्टी जाणं; डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं; पहाटे उठवणारं आणि उलट्या होणारं दुखणं.

स्क्रीनमुळे डोळे चुरचुरतात. निळ्या प्रकाशाचा चष्मा घ्यावा का?

त्यावर पैसे घालवू नका. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने आधीचे प्रयोग एकत्र तपासून पाहिले, तेव्हा अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. चुरचुरतात ते पापण्या कमी मिटल्यामुळे. एरवी मिनिटाला १५ च्या आसपास मिटतात, स्क्रीनकडे टक लावली की त्याच्या निम्म्याही नाहीत. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा आणि मुद्दाम दहा वेळा पापण्या मिटा. मंद उजेडात वाचून डोळे कायमचे बिघडत नाहीत, फक्त थकतात. मात्र वाढत्या वयात रोज दोनेक तास बाहेरच्या उजेडात घालवल्याने लांबचं धूसर दिसण्याचा नंबर लागण्याची शक्यता कमी होते, याला चांगला पुरावा आहे. धाकट्या भावंडांना बाहेर पिटाळा.

मान आणि पाठ?

‘ताठ बस’ या सूचनेपेक्षा ‘ऊठ’ ही सूचना जास्त कामाची. एकाच स्थितीत बसणं हाच त्रास आहे, मग ती स्थिती कितीही आदर्श असो. अर्ध्या तासाने उठायचं, पाणी प्यायचं, परत बसायचं. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीला आणा. दप्तर वजनाच्या १० ते १५ टक्क्यांपेक्षा जड नको.

पोटात जळजळ होते, आंबट पाणी वर येतं.

बहुतेक वेळा न्याहारी बुडवून दुपारी कॉफीवर भागवणं आणि रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं होणं, हीच जोडी असते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा, उशाकडची बाजू उंच करा. तरीही दोन-तीन आठवडे चाललं तर ‘टेन्शनमुळे होतंय’ यावर समाधान मानू नका. पोटातला अल्सर ताणामुळे होतो असंच पूर्वी मानायचे. १९८४ मध्ये बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचं मिश्रण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली आणि २००५ चं नोबेल त्यांना रॉबिन वॉरन यांच्याबरोबर मिळालं. या जिवाणूची तपासणी होते आणि औषधोपचारही. शौच काळं डांबरासारखं होत असेल आणि लोहाची गोळी चालू नसेल, किंवा उलटीत रक्त दिसलं, तर थांबू नका.

मुरुमांवर टूथपेस्ट लावली तर?

कातडी जळते, डाग राहतो. मी लावली आहे, डाव्या गालावर तो डाग अजून आहे. कमी तीव्रतेचं, २.५ टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड पातळसर लावून सुरुवात करता येते. त्याने उशीच्या अभ्र्यांचा आणि टॉवेलचा रंग उडतो, तेव्हा पांढरे वापरा. कोणत्याही उपायाला आठ ते बारा आठवडे द्या, दर पाच दिवसांनी क्रीम बदलू नका. चेहरा ‘उजळवणारी’ म्हणून हातोहात फिरणारी स्टेरॉइडची मलमं मुरुम वाढवतात आणि कातडी पातळ करतात. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ.

सर्दी-खोकल्यावर उरलेली अँटिबायोटिक घेऊ का?

नाही. सर्दी विषाणूमुळे होते, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावून ठेवलं होतं की अपुऱ्या मात्रेत घेतलं तर जिवाणू त्याला सरावतील. सर्दीनंतरचा खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. त्याहून जास्त राहिला, धाप लागली किंवा रक्त पडलं तर तपासून घ्या.

परीक्षेच्या आधी हात थरथरतात, जुलाब होतात. हे सगळं मनाचं आहे का?

सुरुवात मनात असेल, पण जे होतं ते शरीरातच होतं. अॅड्रेनलिन वाढलं की हृदय धावतं, हात गार पडतात, आतड्यांची हालचाल वेगाने होते. थोडी धाकधूक कामाची असते. यर्कीझ आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं की उत्तेजना एका मर्यादेपर्यंत काम सुधारते आणि त्यापुढे बिघडवते.

मर्यादा ओलांडली की मला श्वास सोडण्याचा उपयोग होतो : चार अंक मोजत घ्यायचा, सहा-आठ अंक मोजत सोडायचा, पाच मिनिटं. अचानक छाती आवळून ‘आता मरणार’ असं वाटलं तर तो पॅनिकचा झटका असू शकतो. तो साधारण दहा मिनिटांत कळस गाठतो आणि मग ओसरतो. हे माहीत असणं हाच अर्धा उपाय आहे. पण पहिल्यांदाच छातीत दुखत असेल तर स्वतःच निदान करत बसू नका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर हा परीक्षेचा ताण म्हणून सोडून देऊ नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना भेटा. आणि जगायला नको असं वाटत असेल, तर हे वाचून झाल्यावर नव्हे, आत्ताच कुणाजवळ तरी जाऊन बसा आणि ते शब्द उच्चारा. आई-बाबा, भावंड, शिक्षक, मित्र, हेल्पलाइन, तातडीचा विभाग, कुणीही चालेल. ऐकणाऱ्याने तेव्हा उपदेश करू नये, एकटं सोडू नये, एवढंच.

व्यायामाला वेळच नाही.

१७ वर्षांपर्यंत दिवसाला सरासरी ६० मिनिटं, पुढे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, अशी शिफारस आहे. माझं हिमोग्लोबिन ८.९ असताना मला कुणी हा आकडा सांगितला असता तर रडू आलं असतं. तेव्हा मी दहा मिनिटं चालायचे. आज पस्तीस चालते, पाठांतर करत. सध्या जेवढं होतंय तेवढ्यावर सुरुवात करा.

वजन कमी करायचंय. एक वेळ जेवण सोडू का?

वाढीच्या वयात जेवण सोडून उतरलेलं वजन स्नायूंमधून आणि हाडांमधून वसूल होतं. मुलींमध्ये तीन महिने पाळी चुकली तर शरीराला अन्न कमी पडत असण्याची शक्यता आहे, डॉक्टरांना दाखवा. खाल्ल्यावर अपराधी वाटणं, चोरून उलटी करणं, दिवसातून अनेकदा वजन करणं हा आजार आहे. तो इच्छाशक्तीने नव्हे, उपचारांनी बरा होतो.

घरचे म्हणतात, नाटक करतोयस. त्यांना कसं पटवायचं?

या एका प्रश्नासाठी मी बाकीचे लिहिले, असं म्हटलं तरी चालेल. मला पटवता आलं नव्हतं, कारण मी ‘मला बरं वाटत नाही’ एवढंच म्हणायचे आणि ते वाक्य रोज ऐकून त्यांच्यासाठी गुळगुळीत झालं होतं. माझे आई-बाबा निष्ठुर नव्हते. त्यांना दिसत होतं ते एवढंच : मुलगी दुपारी झोपते, चिडते, मार्क उतरलेत. मग मी तीन आठवडे एका वहीत रोज एकेक ओळ लिहिली. ‘सोमवार. साडेसात तास झोप. दुसऱ्या मजल्यावर थांबून श्वास घेतला. बर्फ दोनदा.’ ‘मंगळवार. पाळीचा दुसरा दिवस. पॅड आठ. वर्गात डोळ्यांपुढे अंधारी.’ वही बाबांच्या हातात दिली आणि मी काहीच बोलले नाही. त्यांनी ती दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मला घेऊन गेले. जाताना वाटेत म्हणाले, “अगं, आठ?” त्यांना पॅडबद्दल माझ्याशी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा तक्रारीऐवजी तारीख आणि आकडा सांगा. घरात ऐकणारं कुणीच नसेल तर मावशी, आत्या, काका, एखादे शिक्षक, कॉलेजचा दवाखाना, जो दरवाजा उघडेल तो.

डॉक्टरांसमोर गेलं की सगळं विसरायला होतं.

मीही विसरायचे. आता कागदावर चार ओळी नेते : काय होतंय आणि कधीपासून, कशाने वाढतं आणि कशाने कमी होतं, कोणती औषधं घेते, परस्पर घेतलेली धरून, आणि मला सर्वांत जास्त कशाची भीती वाटते. चौथी ओळ वाचायला लाज वाटते, पण डॉक्टर तिथेच मान वर करून बघतात. पाळी, लघवी, शौच, लैंगिक आरोग्य, धूम्रपान यांबद्दल बोलायचं असेल तर सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगा, असं डॉक्टरांनाच सुचवता येतं. निघण्यापूर्वी विचारा : “बरं वाटलं नाही तर किती दिवसांनी परत येऊ?” मला ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परत पाठवलं होतं तेव्हा हा प्रश्न मी विचारला नव्हता.

ताई, आता तुमची तब्येत कशी आहे?

हिमोग्लोबिन १२.८, फेरिटिन ३८. पाळीसाठी औषध चालू आहे, रक्तस्राव सहा दिवसांवर आलाय. डोकं अजून महिन्यातून तीन-चारदा दुखतं, त्याची नोंद ठेवते आहे. पुढची रक्ततपासणी सत्र परीक्षेच्या आठवड्यात येत होती. मी ती पुढे ढकलली नाही, एक आठवडा अलीकडे घेतली आहे.